अक्षरशः वाचून दाखविला

आमच्या घरी माझी एक गोष्ट फार चालते. जेवणं झाली, पानाचा डबा मधे आला, की कोणीतरी म्हणतंच, "ती जोड्यांची सांगा." मग मी सांगतो. एका रविवारी कल्याणची दुपारची गाडी गाठायला मी ठाण्याच्या आमच्या घरातून कसा पळालो, एका पायात माझा जोडा आणि दुसऱ्यात शेटजींचा, गार्डानं शिट्टी फुंकल्यावर डब्यात कसा चढलो, आणि त्याच पायांनी रावसाहेबांच्या ओसरीवर जाऊन त्यांना प्याद्यानं मात कशी दिली. रावसाहेब पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेटजी एका पायात माझा जोडा घालून घरी गेले आणि वाटेत दोनदा अडखळले. थोरल्या जावयाला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली येते. मी चुकलो तर तो दुरुस्त करतो.

ही गोष्ट मी घरातून बाहेर पडतो तिथे सुरू होते. त्याआधीची पाव घटका मी कधी सांगितली नाही. ती इथे लिहितो.

आधी मी कसला वकील होतो ते सांगायला हवं. माझ्याकडे सनद होती, काळा डगला होता, आवाजही बरा होता. पण कोर्टात उभा राहिलो आणि न्यायाधीशांनी नुसती भुवई उचलली की मी मुद्दा सोडून देत असे. समोरचा वकील "माझे विद्वान मित्र" म्हणाला की मला तो खरंच मित्र वाटायला लागे. पहिल्या दोन वर्षांत मी हरलेल्या दाव्यांतली माणसं पुढे रस्त्यात भेटली तर मीच गल्ली बदलायचो. शेवटी सासऱ्यांनी आमच्या मंडळींजवळ निरोप धाडला, की जावईबापूंनी भांडणं होऊन गेल्यावर जाण्यापेक्षा भांडणं होण्याआधी जावं. म्हणजे कागद करावेत. भागीदाऱ्या, पट्टे, मुखत्यारपत्रं, लाकडाचे आणि भाताचे करार. कल्याणच्या बंदरावर आणि ठाण्याच्या बाजारात व्यापारी भरपूर होते आणि एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे सगळ्यांना कागद हवे होते. माझं बस्तान बसलं.

बस्तान बसलं ते एका गोष्टीमुळे. मी कागद वाचून दाखवत असे. तेव्हा बहुतेक वकिलांचा आणि कारकुनांचा रिवाज असा, की अशिलाला शेवटचं पान दाखवायचं, तिथे बोट ठेवायचं आणि म्हणायचं, इथे सही कर. ज्याला सही येत नाही तो शेतकरी असला तर नांगराची खूण काढायचा, बाई असली तर बांगडीची. कागदाखाली मात्र सगळेच लिहीत, "सदर दस्त अक्षरशः वाचून दाखविला, तो समजून घेऊन निशाण्या केल्या." मी ते खरोखर करत असे. दोन्ही बाजूंच्या माणसांना ओटीवर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं. मधे एखादा अवघड शब्द आला तर साध्या मराठीत फोड करायची. व्यापारी कंटाळायचे. आमचे शेटजी तर उघडउघड डुलक्या घ्यायचे आणि शेवटी दचकून "बरोबर, बरोबर" म्हणायचे. पण गावोगावची माणसं ऐकत. कोळीवाड्यात, मिठागरांवर, खाडीपलीकडे माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. "तो वाचून दाखवणारा वकील" म्हटलं की घर सापडे. मला त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच होता. माझ्यात दुसरं गर्व करण्यासारखं काही नव्हतं म्हणून असेल.

आणि एक होतं, बुद्धिबळ. कल्याणला एक पेन्शन घेतलेले मुन्सफ राहत, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाई. कोर्टात ज्या भुवईला मी घाबरायचो तशीच भुवई त्यांना होती, पण पटावर ती उचलली गेली की मला हुरूप येई. आपल्याकडे सगळ्या मातांत मात प्याद्याची, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. वजिरानं, हत्तीनं कोणीही मात देतो. साधं प्यादं एक एक घर चालत जाऊन राजाला कोंडतं, ती मात देणाऱ्याचं नाव आळीत महिनाभर निघतं. सहा वर्षांत मी रावसाहेबांना तशी मात कधी दिली नव्हती. त्या आठवड्यात मागच्या रविवारचा डाव अर्धा राहिला होता. पट तसाच झाकून ठेवला होता. आणि बुधवारी, एका भागीदारीच्या मसुद्यात नफ्याचे वाटे लिहिताना, मला एकदम दिसलं, की चार खेळ्यांत प्याद्यानं मात होते. चार दिवस मी जेवताना वरणभातावर त्या खेळ्या करत होतो.

रविवारी सकाळी शेटजी यायचे होते. भात आणि मीठ यांचे मोठे व्यापारी, कल्याणचे, मोठे सज्जन आणि मोठे झोपाळू. त्यांना ठाण्याच्या खाडीकाठचं एक मिठागर सात वर्षांच्या पट्ट्यानं घ्यायचं होतं. ते मिठागर खाडीकाठच्या एका वाडीतल्या पाच घरांचं होतं. पाची घरांच्या वतीनं एक म्हातारा आला होता. पाचांनी त्याला मुखत्यार केलं होतं, ते मुखत्यारपत्रही मीच लिहिलं होतं. आगर तयार करायचा हंगाम, बाकीची सगळी माणसं गुडघाभर चिखलात, म्हणून म्हातारा एकटाच आला. डोक्याला लाल फडकं, अंगात स्वच्छ बंडी. तो ओटीवर चढेना, पायरीवरच बसला. म्हणाला, "वकीलसाब, तुमी वाचनार म्हनून आमी शेटच्या वकिलाला हो बोललो. नायतर आमचा आमी आनला असता."

आता त्या आगराची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात एक लाकडी दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला उघडायची, हवं तेवढं पाणी घेऊन बंद करायची. आगर पट्ट्यानं गेलं तरी उघाडीवरची मासळी वाडीचीच राहते. तोंडाशी जाळं लावायचं, पाच घरांनी पाळी धरायची, आज याचं जाळं, उद्या त्याचं. हंगामात तिथे कालवणापुरतंच मिळतं. पण पावसाळ्यात आगर बंद, मीठ नाही, मजुरी नाही, आणि त्याच दिवसांत उधाणाला उघाडीवर मासळी लागते. पाची घरच्या बाया ती पाटीत घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात. ते चार महिने त्याच्यावर निघतात. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. म्हाताऱ्यानं मुखत्यारपत्राच्या वेळी मला ती सांगितली होती, मी मान हलवली होती, आणि "ते पट्ट्यात स्पष्ट घालू" असंही म्हणालो होतो.

पट्टा पाच पानांचा होता. मसुदा कारकुनानं केला होता. कारकून कसा करणार? आमच्याकडे जुन्या कागदांचा एक गठ्ठा होता, त्यातला जवळचा काढायचा आणि नावं, चतुःसीमा बदलायच्या. त्यानं खाडीकाठच्या एका भातजमिनीचा पट्टा काढला. ती जमीन एका इनामदाराची, त्याचं सगळंच त्याचं होतं, तेव्हा त्यात लिहिलेलं, "बांध, उघाडी, पाणी, मासळी, गवत, झाडझाडोरा यांसुद्धां." तेच इथे उतरलं. मी मसुदा तपासायला हवा होता. मी म्हटलं, वाचताना तपासला जाईलच. नेहमी तसंच व्हायचं. वाचताना चूक सापडली की मी तिथेच दुरुस्त करी, आणि अशिलांना ते फार आवडे.

शेटजींना यायला उशीर झाला. मी वाचायला बसलो तेव्हा गाडीला अर्धा तासही नव्हता. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं, जरा भरभर. शेटजींची हनुवटी छातीला टेकली होती. समोर भिंतीवर घड्याळ. माझं प्यादं पाचव्या घरात उभं. मी तिसरं आणि चौथं पान एकदम उलटलं, "पुढचं नेहमीचंच आहे" असं पुटपुटलो, आणि पाचव्या पानावरच्या शेवटच्या दहा ओळी अगदी ठणठणीत आवाजात वाचल्या. त्यातली शेवटची ओळ म्हणजे "अक्षरशः वाचून दाखविला." ती मी नेहमीपेक्षाही मोठ्यानं वाचली असं आठवतं.

शेटजी दचकून "बरोबर, बरोबर" म्हणाले. म्हाताऱ्यानं टाक हातात घेऊन नांगर काढला. फार सावकाश काढला. आधी हाळीस, मग फाळ, मग रुमणं. मी उभ्या उभ्या त्याच्याकडे बघत मनात म्हणत होतो, अरे बाबा, नांगरच आहे, शेत नांगरायचं नाहीये. कारकून आतून आला, त्यानं साक्ष घातली. मी सही ठोकली, पायात जोडे घातले आणि पळालो. कोणाचे घातले ते तुम्हांला माहीत आहे.

पुढचं आमच्या घरची गोष्ट सांगते तसंच झालं. प्याद्यानं मात झाली.

आठवड्याभरात कागद रजिस्टर झाला. तिथल्या अंमलदारानं म्हाताऱ्याला विचारलं, "काय रे, कागद समजून घेतलास ना?" म्हातारा म्हणाला, "वकीलसाबांनी वाचला." अंमलदारानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली. दोन दिवसांनी वाडीतून आमच्या घरी केळीच्या पानात गुंडाळलेला हातभर जिताडा आला. आमच्याकडे मासळी चालते, म्हणजे तिच्यावाचून चालत नाही. आमच्या मंडळींनी त्याच्या तुकड्या तळल्या आणि डोक्याचं कालवण केलं. मी तीनदा भात घेतला.

हंगाम बरा गेला. पावसाळा लागला, आगरं बंद झाली, आणि आषाढात एके सकाळी म्हातारा पुन्हा आमच्या पायरीवर येऊन बसला. मी अंघोळ करून बाहेर आलो तर तो इरल्यातून पाणी निथळवत होता.

"काय, बरं आहे ना?"

"उघाडीवर मानूस आला, साब. जालं घेऊन. बोलतो, मना शेटच्या मुनीमानं मक्ता दिलाय."

"कसला मक्ता? उघाडी वाडीची आहे."

"आमी तेच बोललो. त्यानं कागद आनला. मुनीम सोबत आल्ता. त्यानं वाचला. बोलतो, उघाडी न मासली, सगलं शेटचं. सात वरीस."

मी आत गेलो. कागदाची नक्कल काढली. तिसरं पान, वरून आठवी ओळ. "बांध, उघाडी, पाणी, मासळी," सगळं तिथे होतं. मी ती ओळ दोनदा वाचली, नक्कल जागेवर ठेवली, चेहरा पुसला आणि बाहेर आलो.

म्हातारा म्हणाला, "वाडीत बोलतात, यानं दारू पिऊन निशानी केली. मी थेंब घेतला नव्हता, साब. तुमी बघितलंत. काही बोलतात, शेटनं याला एकट्याला वायलं काय दिलं. पोरगा माझा बोलतो, बाबा, तुला ऐकू येत नाय, तुला धाडलं तेच चुकलं." मग म्हणाला, "मना येवढंच सांगा. तुमी वाचलं व्हतं का?"

इथे मी खरं बोललो असतो तर ही गोष्ट लिहायला लागली नसती. माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, कारण ते मोठं काही नव्हतं. बाजारातल्या व्यापाऱ्यांचे चेहरे आले. "तो वाचून दाखवणारा" म्हणून खाडीपलीकडून येणारी माणसं आली. कागदाखालची माझी सही आली. आणि खोटं वाटेल, पण रावसाहेबांची भुवई आली.

"वाचलं होतं," मी म्हणालो.

"सगलं?"

"सगळं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, वाद घातला नाही. इरलं उचललं आणि म्हणाला, "मंग माझंच कान गेलं असतील." आणि गेला.

आतून आमच्या मंडळींनी विचारलं, "कोण आलं होतं? जिताडा घेऊन आला का?"

"नाही."

"मग तुमचं तोंड असं का?"

"गाडी चुकली," मी म्हणालो. सोमवार होता, मला कुठेही जायचं नव्हतं. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. आमच्या घरात बायकांनी न विचारणं हे विचारण्यापेक्षा वाईट असतं.

खोटं बोलून झाल्यावर मी कामाला लागलो. इतक्या तडफेनं मी आयुष्यात कोणाचं काम केलं नाही. दुसऱ्याच दिवशी कल्याणला शेटजींच्या पेढीवर गेलो. गादीवर शेटजी लोडाला टेकून बसले होते. मी मोठी प्रस्तावना केली. जुनी वहिवाट, रीत, पाळी, गरीब माणसं. शेटजी ऐकत होते की झोपले होते कळेना. मी "मासळी" म्हटलं आणि ते ताठ बसले.

"माझ्या कागदात मासळी आहे?"

"आहे, शेटजी. कलमातच आहे."

"वकीलसाहेब, आमच्या घरात कांदा येत नाही. माझी आई रोज देवाला फुलं वाहून मग पाणी पिते. आणि माझ्या नावावर सात वर्षं मासळी?"

"मुनीमजींनी मक्ता दिला, म्हणून कळलं."

"मुनीम गाढव आहे. काढा ती. आज काढा. दुरुस्तीचा कागद करा, मी सही करतो. मक्तेदाराचं मी बघतो." मग ते जरा घुटमळले. आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक सांगा. तुम्ही वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच होतो. मला कसं ऐकू आलं नाही?"

मी माझ्या पिशवीत काहीतरी शोधू लागलो.

"डुलकी लागली असेल," शेटजी स्वतःच म्हणाले. "मला ही फार वाईट खोड आहे. घरात सगळे हसतात."

"दगदग असते तुम्हांला," मी म्हणालो.

म्हणजे एकाच कागदापायी मी दोन माणसांना पटवून दिलं, की दोष त्यांच्याच कानांत आहे. वकील म्हणून मला इतकं यश कोर्टात कधी मिळालं नव्हतं.

दुरुस्तीपत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलं. कारकुनाला हात लावू दिला नाही. शेटजींना ते दोनदा वाचून दाखवलं, आणि दोन्ही वेळा ते डोळे ताणून जागे राहिले. श्रावण लागायच्या आत रजिस्टर झालं. ते घेऊन मी वाडीवर गेलो, होडीतून, धोतर वर खोचून, कारण त्या दिवसांत बांधावरून चालणं म्हणजे लोण्यावरून चालणं. पाची घरं एका पडवीत जमली होती. मी कागद वाचला, आणि उघाडी वाडीची ही ओळ आली तसं एक बाई पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला शहाळं दिलं. एक प्रौढ माणूस, बहुतेक तिचा नवरा, म्हणाला, "वकीलसाब नसते तर आमी मेलोच व्हतो. तुमचं उपकार."

"अहो, उपकार कसले," मी म्हणालो. एवढं एकच खरं वाक्य मी त्या दिवशी बोललो, आणि ते सगळ्यांनी नम्रता म्हणून घेतलं.

म्हातारा खांबाशी बसला होता. त्याच्याकडे बघून तो प्रौढ माणूस म्हणाला, "ऐक, काका. नीट ऐक आता. साबांनी तवा पन असंच वाचलं व्हतं."

दुसरा म्हणाला, "त्याला काय सांगतोस, त्याच्या कानात मीठ भरलंय."

सगळे हसले. खवचटपणा नव्हता फारसा, सुटका झाल्यावर माणसं हसतात तसे हसले. पण म्हाताऱ्याचा मुलगा हसला नाही, तो खाली बघत होता. आता बोलायचं, मी ठरवलं. शहाळं खाली ठेवलं. घसा खाकरला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "पाऊस थांबलेला दिसतोय, निघतो मी."

म्हातारा उठला. "साबांना होडीपातुर सोडतो."

बांधावर तो पुढे आणि मी मागे. उघाडीजवळ तो थांबला. कोणाच्या तरी पाळीचं जाळं लावलेलं होतं, पाणी आत येत होतं. मी तेव्हा एका दमात बोलून टाकलं. मी वाचलं नव्हतं, गाडीची घाई होती, मी दोन पानं एकदम उलटली, तुझ्या कानांचा काही दोष नाही.

म्हातारा जाळ्याकडेच बघत होता.

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मना वाचता येत नाय, साब. मी तुमच्या बोटाकडं बघतो. तुमी एक पान वाचता तवा बोट वरनं खाली जातं. त्या दिवशी दोन पानं गेली न बोट खाली आलंच नाय."

 मी विचारलं, "मग आषाढात मला का विचारलंस?"

"बोललो, बघू. मना वाटलं तुमी बोलाल."

"आणि वाडीत का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? खाली तुमची सही हाय न माझा नांगर हाय. कोन माझं ऐकतंय? आन ऐकलं असतं तर तुमच्याकडं कोन आलं असतं? तुमचं तोंड मी बघितलं त्या दिवशी. घाबरलेलं. बोललो, आता हा मानूस उघाडी आनील. आनलीत."

मी म्हणालो, "मी आत्ता परत जातो आणि सगळ्यांना सांगतो."

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "नको. आता सांगून काय व्हनार? बोलतील, यो वकील पन तसलाच. मंग पुढच्या पट्ट्याला कोनाकडं जायचं? ठान्यात दुसरा कोन वाचतोय? तुमी वाचा. आता नीट वाचाल तुमी."

सल्ला मानणारा मी माणूस नव्हे. सासऱ्यांचा सोडला तर आयुष्यात कोणाचा मानला नाही. म्हाताऱ्याचा मात्र मी जागच्या जागी मानला. होडीत बसलो तेव्हा मला किती हलकं वाटत होतं हे आठवलं की आजही लाज वाटते.

बुद्धिबळ सोडलं असं लिहिता आलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. सोडलं नाही. रविवारचं शनिवारवर नेलं आणि त्या दिवशी अशील घेणं बंद केलं. वाचायला मात्र तेव्हापासून इतका वेळ घेऊ लागलो, की व्यापारी म्हणायला लागले, वकीलसाहेबांकडे जायचं तर डबा घेऊन जा. दोन पानं चिकटलेली असली तर अजून मी मागच्या पानापासून पुन्हा सुरू करतो. नव्या कारकुनांना वाटतं, वयामुळे.

सात वर्षांनी पट्टा नव्यानं करायची वेळ आली. या वेळी मी कोणालाही ठाण्याला बोलावलं नाही. शेटजींना घेऊन मीच वाडीवर गेलो. पडवीत सगळे जमले, बायासुद्धा. मुखत्यार आता तो प्रौढ माणूस होता. म्हाताऱ्याला कोणी विचारलं नव्हतं, त्या पावसाळ्यानंतर वाडीच्या कुठल्याच कागदावर त्याचा नांगर उमटला नाही. लग्नाच्या बोलण्यात, बांधाच्या कामात, कुठेच त्याला पुढे घेत नसत. सगळे त्याला बहिरा म्हणत, नातवंडंसुद्धा. तो मागे भिंतीला टेकून बसला होता, सगळ्यांत लांब.

मी वाचायला लागलो. स्टँपावरची छापील अक्षरं वाचली, चतुःसीमा वाचल्या, तळटीप वाचली. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवलं आणि कागद उंच धरला, मागच्या भिंतीपर्यंत दिसेल असा. आवाज चढवला. उघाडीचं कलम आलं तेव्हा ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सगळ्यांना ऐकू आलं?"

मुखत्यार म्हणाला, "आलं, साब. येवढं वरडू नका. त्याचं सोडा, त्याला तसं पन काय कलत नाय."

मागून म्हातारा म्हणाला, "मना पन आलं."

सगळी पडवी हसली. शेटजीही जागे होऊन हसले. मी कागदावरून वर बघितलं नाही, पण हसलो मीही.